युनिटीची सर्टिफिकेशन परीक्षा: महिने नका मोजू, तास मोजा

‘किती दिवस अभ्यास केला की पास होईन?’ युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरच्या परीक्षेबद्दल गेम डेव्हलपमेंटमध्ये नव्याने आलेल्या माणसाचा हा प्रश्न ठरलेला. उत्तरंही ठरलेली. एक जण सांगतो, पंधरा दिवस पुष्कळ झाले. दुसरा सांगतो, सहा महिन्यांच्या आत त्या वाटेलाही जाऊ नकोस. दोघंही खोटं बोलत नसतात. पहिल्याने त्याआधी दोन वर्षं रोज युनिटी वापरलेलं असतं आणि ते तो हिशेबातच धरत नाही. दुसरा नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी जमेल तसा बसलेला असतो, त्यामुळे त्याच्या सहा महिन्यांत अभ्यासाचे तास शंभरही भरत नाहीत.

तेव्हा दिवस आणि महिने हे माप बाजूला ठेवा. युनिटीचा एडिटर उघडा ठेवून, हात चालवत घालवलेले तास तेवढे मोजायचे. व्हिडिओ बघण्यात गेलेला वेळ मी अर्धाच धरतो. दुसरं काही करता करता बघितला असेल तर शून्य.

पायरी १: नेमकी कोणती परीक्षा, ते आधी ठरवा

‘युनिटीची परीक्षा’ अशी एकच परीक्षा नाही. सगळ्यात खालची पातळी युनिटी सर्टिफाइड यूझर. ती मुख्यतः विद्यार्थ्यांसाठी आहे आणि त्यात प्रोग्रॅमर, आर्टिस्ट असे वेगवेगळे विषय आहेत. त्यावर असोसिएट, म्हणजे पहिल्या नोकरीच्या उंबरठ्यावर असलेल्यांसाठी. त्याच्या वर प्रोफेशनल. प्रोफेशनलला बसणाऱ्याकडे युनिटीत काम केल्याचा साधारण दोन वर्षांचा अनुभव असेल, असं गृहीत धरलेलं असतं. ‘प्रोफेशनल’ हा शब्द रेझ्युमेवर भारी दिसतो म्हणून नवखी माणसं थेट तिकडे उडी मारतात आणि आपटतात. त्यात हुशारीचा संबंध नसतो. तिथले प्रश्न ज्या चुकांवर आधारलेले असतात, त्या चुका या माणसांनी अजून केलेल्याच नसतात.

यूझर पातळीसाठी युनिटी वापरण्याचा आणि शिकण्याचा मिळून सुमारे १५० तासांचा अनुभव अपेक्षित धरला जातो. कोऱ्या पाटीने सुरुवात करणाऱ्याला हा आकडा उपयोगी आहे. आठवड्याला ८ तास देता आले तर जवळपास १९ आठवडे, म्हणजे साडेचार महिने. ५ तासच मिळत असतील तर ३० आठवडे. ऐकायला नकोसं वाटतं, पण हे आत्ता कळलेलं बरं.

पायरी २: सिलॅबस छापून घ्या आणि त्यावर खुणा करा

प्रत्येक परीक्षेच्या अधिकृत पानावर तिचा सिलॅबस दिलेला असतो: कोणत्या विषयात काय काय करता आलं पाहिजे, याची यादी. तो कागदावर घ्या. प्रत्येक ओळीसमोर तीनपैकी एक खूण करायची. हे मी झोपेतही करीन, अशा ओळीला टिक. केलंय, पण बघून करावं लागेल, अशा ओळीला गोल. कधी केलेलंच नाही, तिथे फुली.

इथे माणूस स्वतःलाच फसवतो. ‘अ‍ॅनिमेटर कंट्रोलर? हो, माहितीये की’ म्हणून टिक करून मोकळा होतो. म्हणून टिक करण्याआधी एक छोटी कसोटी घ्या. रिकामा प्रोजेक्ट उघडा आणि कुठेही न शोधता ती गोष्ट दहा मिनिटांत उभी करून दाखवा. अ‍ॅनिमेटर कंट्रोलर म्हणजे कोणतं अ‍ॅनिमेशन कधी चालेल ते ठरवणारी रचना; त्यात दोन स्थिती, त्यांच्यातलं ट्रान्झिशन (एकीतून दुसरीत जाणं), एक बूल (हो-नाही असा) पॅरामीटर आणि स्क्रिप्टमधून तो बदलणं. अडखळलात तर टिक खोडून गोल करा. ही कसोटी पूर्ण सिलॅबसवर घ्यायला एक-दोन संध्याकाळी जातात. सगळ्या तयारीत याहून सत्कारणी लागलेला वेळ मला दुसरा आठवत नाही. मी पहिल्यांदा ही खुणांची पायरी गाळली होती आणि यूआयचा, म्हणजे पडद्यावरच्या बटणं-मेनूंचा, अख्खा विभाग ‘सोपा आहे’ म्हणून वाचलाच नाही. निकालाच्या कागदावर सगळ्यात आखूड पट्टी त्याच विभागाची निघाली.

पायरी ३: खुणांवरून तास काढा

माझा ढोबळ हिशेब असा. टिक असलेल्या ओळीला अर्धा तास, फक्त उजळणीपुरता. गोल असेल तर २ तास. फुली असेल तर ५ तास.

समजा सिलॅबसमध्ये ३० ओळी आहेत. त्यात १२ टिक, ११ गोल, ७ फुल्या निघाल्या. टिकचे ६ तास, गोलांचे २२, फुल्यांचे ३५, एकूण ६३. यात सराव परीक्षा आणि शेवटची उजळणी यासाठी पाव भाग वाढवा, म्हणजे आणखी १६. झाले ७९ तास.

आता या ७९ ला आठवड्याच्या खऱ्या तासांनी भागायचं. खरे तास म्हणजे गेल्या दोन आठवड्यांत तुम्ही प्रत्यक्ष जेवढे बसलात तेवढे. सोमवारपासून बसणार आहात, ते यात धरायचे नाहीत. गेल्या दोन आठवड्यांत मिळून १४ तास निघाले असतील, तर आठवड्याला ७. म्हणजे सव्वा अकरा आठवडे, आजारपण आणि पाहुणे धरून १२.

वेगवेगळ्या माणसांचा हा हिशेब साधारण कुठे जातो, तेही सांगतो. दुसरी एखादी प्रोग्रॅमिंग भाषा चांगली येते पण युनिटी नवं आहे, अशा माणसाला असोसिएट पातळीसाठी ७० ते ९० तास धरावे लागतात. युनिटीत वापरतात त्या सी शार्प भाषेची वाक्यरचना त्याला आठवड्याभरात जमते, अडतं ते एडिटरशी. उलट थ्रीडी मॉडेलिंग करणारा आर्टिस्ट असेल तर लायटिंग आणि मटेरियल त्याला पटकन कळतं, पण प्रोग्रॅमरच्या परीक्षेला बसायचं ठरवलं तर १५० तासांच्या खाली त्याने विचारच करू नये. रोज युनिटीत काम करणाऱ्याला प्रोफेशनलसाठी ४० ते ६० तास पुरावेत. मात्र त्याचा धोका वेगळा. नोकरीत माणूस युनिटीचा एकच कोपरा वापरतो. तीन वर्षं मोबाइल गेमचा यूआय करणाऱ्याने नॅव्हमेश (पात्रांना चालता येईल अशा जागेचा नकाशा) उघडून पाहिलेला नसतो, आणि फिजिक्समध्ये मुरलेल्याला कॅन्व्हासचे अँकर (यूआयचे भाग पडद्याला बांधून ठेवणारे बिंदू) कुठे असतात ते आठवत नाही. हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत. तुमच्या खुणा वेगळं सांगत असतील तर खुणांचं ऐका.

पायरी ४: तारीख घ्या, पण लगेच नको

पहिला एक तृतीयांश अभ्यास झाला की तारीख घ्या. त्याआधी घेतली तर अंदाज कच्चा असतो. घेतलीच नाही तर अभ्यास लांबत जातो आणि चौथ्या महिन्यात पहिल्या महिन्यातलं विसरायला होतं. तारीख पुढे ढकलण्याचे नियम मात्र पैसे भरण्याआधी वाचा.

पायरी ५: व्हर्जन जुळवा

युनिटी दर वर्षी बदलतं. परीक्षेचे प्रश्न मात्र एका ठरावीक व्हर्जनवर बेतलेले असतात. कोणत्या, ते परीक्षेच्या पानावर पाहा आणि युनिटी हब या इन्स्टॉलरमधून तेच व्हर्जन घाला. हे बारीकसारीक वाटेल, पण नावंच बदलतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या युनिटी ६ मध्ये रिजिडबॉडीच्या (वस्तूला फिजिक्स लावणारा घटक) व्हेलॉसिटीचं नाव लिनिअर व्हेलॉसिटी झालं आणि ड्रॅगचं लिनिअर डॅम्पिंग. इनपुट घेण्याच्याही दोन पद्धती आहेत, जुना इनपुट मॅनेजर आणि नवी इनपुट सिस्टिम. दोन्हींचे व्हिडिओ एकमेकांत मिसळून बघितले तर डोक्यात खिचडी होते. आणि एखाद्या व्हिडिओत सी शार्पऐवजी जावास्क्रिप्टसारखं काही लिहिलेलं दिसलं तर तो तिथेच बंद करा. ती युनिटीस्क्रिप्ट, आणि ती हद्दपार करायचं २०१७ मध्येच जाहीर झालं.

शिकण्यासाठी युनिटी लर्न या युनिटीच्याच साइटवरचे मोफत पाथवे (क्रमाने लावलेले कोर्स) पुरेसे आहेत. ‘युनिटी इसेन्शियल्स’ आधी, मग प्रोग्रॅमिंगसाठी ‘ज्युनिअर प्रोग्रॅमर’. दुसरा सुमारे १२ आठवड्यांचा आखलेला आहे, पण फुल्या जिथे आहेत तेवढेच धडे घेतले तर बराच लवकर आटोपतो.

पायरी ६: बनवा आणि मग मोडा

इथे जरा थांबतो, कारण तासांचं सोनं होतं की माती, ते इथेच ठरतं.

बहुतेक जण व्हिडिओत दाखवलं तसं करतात, चाललं की खूश होतात आणि पुढे जातात. परीक्षेत ‘चालणारी’ गोष्ट क्वचित विचारतात. एक प्रसंग दिलेला असतो: अमुक करायला हवं होतं, तमुक होतंय, कारण काय? याचं उत्तर ती गोष्ट स्वतः कधीतरी बिघडलेली बघितल्याशिवाय सुचत नाही. म्हणून प्रत्येक विषय चालवून झाला की तो मुद्दाम मोडायचा आणि काय होतं ते वहीत लिहायचं.

ट्रिगरचंच घ्या, म्हणजे एक वस्तू दुसरीच्या हद्दीत शिरली की स्क्रिप्टला संदेश देणारी सोय. खेळाडू नाण्याला शिवतो, नाणं गायब होतं. चाललं. आता दोघांवरचीही रिजिडबॉडी काढा: नाणं जागचं हलत नाही, कारण ट्रिगरचा संदेश यायला दोघांपैकी निदान एकावर रिजिडबॉडी लागते. ती परत लावा आणि फंक्शनचं नाव आणि त्याचा पॅरामीटर टूडीवाला करा, वस्तूवरचा कोलायडर (तिची धडकेची हद्द) मात्र थ्रीडीच ठेवा. कसलीही एरर येत नाही आणि काहीच घडत नाही. मग प्रोजेक्ट सेटिंग्जमधल्या कोलिजन मॅट्रिक्समध्ये (वस्तूंचा कोणता गट, म्हणजे लेअर, कोणाला धडकेल त्याचा तक्ता) त्या दोन लेअरमधली खूण काढा. पुन्हा तेच, शांतता. एका नाण्यात तीन कारणं कळली आणि वेळ लागला वीस मिनिटं.

स्क्रिप्टच्या आयुष्याचा क्रमही असाच मोडून शिकायचा. अवेक, ऑन एनेबल, स्टार्ट, अपडेट ही फंक्शन्स युनिटी आपणहून चालवतं; त्यांचा क्रम पाठ करायला दोन मिनिटं लागतात. पण स्क्रिप्टची चौकट एडिटरमध्ये बंद ठेवून, ऑब्जेक्ट मात्र चालू ठेवून प्ले दाबा. अवेक चालतं, स्टार्ट चालत नाही. हा फरक डोळ्यांनी बघितला की पुन्हा विसरत नाही. असंच कोरूटीनचं (मध्ये थांबत थांबत पुढे चालणारं फंक्शन): ती सुरू असताना स्क्रिप्ट बंद केली तरी ती चालूच राहते, पण पूर्ण ऑब्जेक्ट बंद केला की थांबते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता, चार वेळा करून पाहिलं.

टाइम स्केल, म्हणजे खेळातल्या वेळेचा वेग, शून्य करून पाहा. पॉज मेनू बनवणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हे येतं. फिक्स्ड अपडेट (ठरावीक अंतराने चालणारा) थांबतो, अपडेट (दर फ्रेमला चालणारा) मात्र चालूच राहतो. ठरावीक सेकंद थांबायला सांगितलेली कोरूटीन लटकून बसते, तिला खऱ्या वेळेचं थांबणं द्यावं लागतं. फिक्स्ड अपडेट मुळात ०.०२ सेकंदांनी, म्हणजे सेकंदाला ५० वेळा चालतो, हेही याच वेळी पक्कं करा. फिजिक्सचा जोर तिथे लावायचा, आणि अपडेटमध्ये काही हलवायचं असेल तर डेल्टा टाइमने (मागच्या फ्रेमपासून गेलेला वेळ) गुणायचं.

आणि इन्स्पेक्टरचा, म्हणजे निवडलेल्या वस्तूचे आकडे दाखवणाऱ्या खिडकीचा, तो जुना चकवा. स्क्रिप्टमध्ये स्पीड ५ लिहिला, इन्स्पेक्टरमध्ये ८ केला, नंतर स्क्रिप्टमध्ये १० केला. खेळात किती? ८. इन्स्पेक्टरमधला आकडा जपून ठेवला जातो, स्क्रिप्टमधला फक्त सुरुवातीचा. नवखी माणसं यावर अर्धा दिवस घालवतात. तुम्हीही घालवा, परीक्षेत आणि नोकरीत दोन्हीकडे कामी येतो.

आर्टिस्टच्या परीक्षेलाही हीच पद्धत. लाइट बेक करताना, म्हणजे उजेड आधीच मोजून लाइटमॅप या चित्रात साठवताना, एक वस्तू स्टॅटिक (न हलणारी) न करता ठेवा आणि लाइटमॅपमध्ये ती कशी गायब असते ते बघा. मग हलणाऱ्या वस्तूंना बेक केलेला उजेड द्यायला लाइट प्रोब का लागतात, ते आपोआप उलगडतं.

ज्याकडे सगळे दुर्लक्ष करतात अशी एक गोष्ट म्हणजे टीमचं काम. व्हर्जन कंट्रोलमध्ये (फाइल्समधल्या बदलांचा इतिहास ठेवणारी सोय) मेटा फाइल्स टाकायच्या आणि लायब्ररी फोल्डर टाकायचा नाही, प्रीफॅब (वस्तूचा पुन्हा पुन्हा वापरायचा साचा) आणि त्याचा व्हेरियंट यात बदल कुठून कुठे जातो, असले मुद्दे एकट्याने गेम बनवणाऱ्याच्या हाताखालून जात नाहीत. प्रोफेशनलसाठी यांना मुद्दाम तास द्या. प्रोफायलर, म्हणजे गेमचा वेळ कुठे खर्च होतो ते दाखवणारं साधन, त्यालाही. रोज वापरणारे फार थोडे, आणि परफॉर्मन्सचा विषय निघाला की गाठ त्याच्याशीच असते. शंभर गोळ्या सतत तयार करून नष्ट करणारा छोटा सीन बनवा, प्रोफायलरमध्ये गार्बेज कलेक्शनचे (नको झालेली मेमरी साफ करणं) उंचवटे बघा आणि मग ऑब्जेक्ट पूलिंग (त्याच गोळ्या पुन्हा वापरणं) लावून पुन्हा बघा. दोन तासांचं काम आहे.

पायरी ७: सराव परीक्षा शेवटासाठी राखून ठेवू नका

‘सगळं वाचून झालं की सराव परीक्षा देऊ’ हा विचार उलटा आहे. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून तो आठवून लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकलं. तुमची परीक्षा पाच मिनिटांनी नाही.

पहिली सराव परीक्षा एक तृतीयांश तास झाल्यावर द्या. मार्क वाईट येतील, येऊ द्या. कोणत्या गोलाच्या जागी खरं तर फुली हवी होती, ते कळतं. दुसरी दोन तृतीयांशावर, तिसरी परीक्षेआधी आठवडाभर. प्रत्येक चुकलेला प्रश्न एडिटरमध्ये उभा करून पाहायचा. बरोबर आलेल्यांपैकी जे अंदाजाने मारले, तेही चुकलेलेच धरायचे.

‘परीक्षेतले खरे प्रश्न’ म्हणून विकल्या जाणाऱ्या फाइल्सपासून लांब राहा. परीक्षेला बसताना प्रश्न बाहेर न नेण्याची अट मान्य करावी लागते, पकडलं गेलं तर सर्टिफिकेट जातं. शिवाय त्यातली जवळपास निम्मी उत्तरं चुकीची असतात, असा माझा तरी अनुभव आहे. मित्राने पाठवलेल्या अशाच एका फाइलमधली पहिली दहा उत्तरं मी एडिटरमध्ये तपासली होती, चार चुकली होती.

पायरी ८: शेवटचे दहा दिवस

नवा विषय उघडायचा नाही. उरलेल्या फुल्या असतील तर त्यातली सगळ्यात मोठी निवडा, बाकीच्या सोडा. मोडण्याची वही रोज एकदा चाळा. परीक्षा घरून देणार असाल तर कॅमेरा, इंटरनेट आणि ओळखपत्रावरचं नाव दोन दिवस आधी तपासा. ओळखपत्रावरचं स्पेलिंग आणि नोंदणीतलं स्पेलिंग जुळलं नाही म्हणून परत पाठवलेले लोक मी पाहिलेत.

परीक्षेत एकूण वेळेला प्रश्नसंख्येने भागून प्रत्येक प्रश्नाच्या वाट्याला किती येतं, ते सुरुवातीलाच काढा. तेवढ्यात सुटलं नाही तर खूण करून पुढे जा. लांबलचक प्रसंग असेल तर शेवटची ओळ आधी वाचा. नेमकं विचारलंय काय, ते तिथे असतं. वरच्या पाच ओळींतला निम्मा मजकूर बहुधा भरीचा असतो.

नापास झालात तर

निकालाबरोबर कोणत्या विभागात किती, याची पट्टी मिळते. पूर्ण अभ्यास पहिल्यापासून सुरू करू नका. सिलॅबसचा तोच कागद काढा, कमी पट्टीच्या विभागांतल्या ओळींवर नव्याने खुणा करा आणि तेवढ्यांचेच तास काढा. साधारण १५ ते २५ तास निघतात, म्हणजे आठवड्याला ७ तासांनी दोन ते साडेतीन आठवडे. पुन्हा बसण्याआधी किती दिवस थांबावं लागतं, तो नियम परीक्षेच्या पानावर असतो. त्या दोन्हींपैकी जी तारीख उशिराची, ती घ्या.